ड्रुसिला टॉलिव्हरचं अंगण

कॅल्डर्स रेस्ट पाहायला येणाऱ्या लोकांना तीन गोष्टी हव्या असतात: वळणाचा जिना, चांदीची भांडी आणि भूत. जिना आहे, चांदी आहे, भूत नाही. तसं सांगितलं की लोकांची तोंडं उतरतात. म्हणून माझ्या आधीच्या गाइड बायका जिन्याच्या करकरणाऱ्या सातव्या पायरीवर जरा थांबायच्या आणि काही न बोलता वर बघायच्या. मी तसलं काही करत नाही. मी एकोणचाळीस वर्षं सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवलाय. मला भुताखेतांची सवय आहे, पण ती मागच्या बाकावर बसतात.

हे घर म्हणजे आमच्या भागातलं, अमेरिकेच्या दक्षिणेतलं, संरक्षित स्मारक. पांढरे खांब, दोन्ही बाजूंना ओकची झाडं, आणि पलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर एकेकाळी कापूस. चाळीस वर्षं या घराचा इतिहास जिन्यापाशी सुरू व्हायचा आणि जेवणघरात संपायचा. एवढा कापूस वेचायचं कोण, असं एखाद्या आगाऊ पाहुण्यानं विचारलंच तर 'मळ्यावरचे मजूर' असं उत्तर मिळायचं. मजूर! जसे काही शनिवारी हजेरी लावून आपापल्या घरी जात होते. ती विकत घेतलेली माणसं होती, आणि त्यांतले काही माझे पूर्वज होते.

मग वारसा खात्याची माणसं आली आणि म्हणाली, स्मारक म्हणवायचं असेल तर सगळी गोष्ट सांगा, अर्धी नको. तेव्हा समितीला दोन गोष्टींची आठवण झाली. एक, मागच्या बाजूची खोपटी. दुसरी, मी.

खोपट्या एकेकाळी अकरा होत्या, ओळीनं. दहा पडल्या. अकरावी टिकली, कारण मळ्याचे मालक कॅल्डर मंडळींनी तिच्यात खताची पोती ठेवली होती. गुलामांनी बांधलेली एका खोलीची खोपटी, एका अंगाला विटांची चूल. गुलामी संपली, पण आमची टॉलिव्हर मंडळी तिथंच राहिली, अर्धेलीनं कापूस पिकवत. माझे वडील तिथं जन्मले. त्यांची थोरली बहीण, माझी लुवेनिया आत्या, तीही तिथंच जन्मली आणि तेविसाव्या वर्षी तिथून बाहेर पडली. त्याला आता सहासष्ट वर्षं झाली.

समितीच्या अध्यक्ष मिस पर्सिस कॅल्डर. घराण्यातलं शेवटचं माणूस, वय शहात्तर, लग्न केलं नाही. बाई मनानं वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिची थट्टा करणार आहे. मिस पर्सिसचं दैवत हिरवळ. माणसाची पारखसुद्धा ती त्याच्या दारातल्या हिरवळीवरून करते. आमचे पाद्री तिला फार भले वाटतात. त्यांचं प्रवचन तिनं कधी ऐकलेलं नाही, पण त्यांच्या दारातलं गवत तिनं गाडीतून पाहिलंय.

खोपटीची डागडुजी झाली, छप्पर नवं झालं, चूल पुन्हा बांधली. मग सप्टेंबरच्या सभेत मिस पर्सिसनं जाहीर केलं की मोठ्या घरापुढं जे गवत आहे, तेच खोपटीपुढंही लावायचं. खर्च ती स्वतःच्या पदरचा करणार होती. "इकडचं गवत वेगळं आणि तिकडचं वेगळं, हे दिवस संपले," ती म्हणाली आणि तिचा आवाज थोडा कापला. मग ती माझ्याकडे वळली. "व्हर्नेल, तुला काय वाटतं? तुमच्या लोकांचं घर आहे. तू सांग."

समितीत अकरा जणं. दहा गोरे चेहरे माझ्याकडे वळले, आणि कसल्या आदरानं! कोणी इतक्या आदरानं मत विचारलं की ते आपल्याकडे आहेच असं वाटायला लागतं. खरं तर मला त्या अंगणाबद्दल काडीची माहिती नव्हती. मी गावात वाढले, मळ्यावर नाही. पण दहा जणांसमोर 'मला ठाऊक नाही' म्हणायचं? एकोणचाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी हे तीन शब्द कधी उच्चारले नव्हते. मी म्हटलं, "सुंदर कल्पना आहे. अगदी शोभून दिसेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रकमधून गवत आलं. गोधड्यांसारख्या गुंडाळ्या उलगडल्या, आणि एका दिवसात खोपटीपुढची तांबडी माती हिरवीगार झाली. उद्घाटन दहा दिवसांवर होतं.

आता आत्याबद्दल. लुवेनिया आत्या, लग्नानंतरची मिसेस ग्रेसन, एकोणनव्वद वर्षांची. गावात मिल रस्त्याला तिचं छोटं घर आहे. त्या गल्लीत सगळ्यांच्या दारात गवत आहे, फक्त आत्याचं अंगण बोडकं. नुसती माती. आम्हा भावंडांत त्यावरून नेहमी हसाहशी चाले. माझ्या वडिलांनी गावात आल्यावर फ्रिजच्या आधी गवत कापायचं यंत्र घेतलं होतं. मोठा झालेला माणूस म्हणजे काय, तर दारात गवत असलेला माणूस, अशी त्यांची समजूत. आत्या पैशाला चिकट आहे, असं ते म्हणायचे. एका नाताळला मी पदरचे पैसे घालून तिला कोरं करकरीत यंत्र भेट दिलं. तिनं माझ्या गालाची पापी घेतली आणि त्या यंत्रावर जिरॅनियमची कुंडी ठेवली. ती अजून तिथंच आहे.

आत्यानं कॅल्डर्स रेस्टमध्ये परत पाऊल टाकलं नव्हतं. लग्नाला, मयताला, चर्चच्या सहलीला, कशालाच नाही. मी तिथं गाइड झाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझे पाय, तुझी वाट." पण खोपटीच्या दारावर ब्राँझची पाटी लागणार होती आणि तिच्यावर तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, नाव येणार होतं: ड्रुसिला टॉलिव्हर. हे तिला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "अक्षरं मोठी असतील ना? लांबून वाचता येतील एवढी?" मी म्हटलं, येतील. म्हणाली, "मग येते."

उद्घाटन शनिवारी. मंगळवारी मी तिला आधी एकदा दाखवायला घेऊन गेले. तिनं चर्चची जांभळी टोपी घातली होती. मागच्या रस्त्यानं गाडी नेली आणि खोपटीसमोर उभी केली. मी दार उघडलं, हात पुढं केला. आत्या हलेना.

"हे कुणाचं घर गं?" तिनं विचारलं.

"असं काय करतेस आत्या? तुमचंच. तुझ्या आईचं."

"माझ्या आईचं?" ती काचेतून बघत राहिली. "या जंगलात?"

"जंगल कुठलं? हिरवळ आहे. मिस पर्सिसनं स्वतःच्या खर्चानं लावली."

"ही हरळी आहे, मास्तरीणबाई." आत्यानं मला मास्तरीणबाई म्हटलं की समजायचं, आज आपली धडगत नाही. "हरळी! मार्चपासून जुलैपर्यंत आम्ही काय करत होतो या मळ्यात? कापसातली हरळी खुरपत होतो. पहाटे दिसायला लागल्यापासून ते दिसायचं बंद होईपर्यंत. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. माझ्या आईच्या बोटांची पेरं वाकडी झाली ती हिच्यापायी. आणि ही तुम्ही तिच्या उंबऱ्याशी आणून लावलीत? विकत आणून?"

मी म्हटलं, "लोकांना छान वाटावं म्हणून..."

"लोकांना काय वाटेल ते मी सांगते तुला. ज्या बाईच्या दारात गवत, ती बाई आळशी, असं म्हणायचे इथं. सगळे म्हणायचे. दारात गवताचं एक पातं दिसलं तर चर्चमध्ये बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. माझ्या आईच्या अंगणात पातं तर सोड, वाळकी काडी नसायची. आता तुम्ही तिचं नाव पाटीवर लिहिणार, मोठ्या अक्षरांत, लांबून दिसेल असं, आणि खाली ही हरळी. शंभर वर्षं लोक येतील, बघतील आणि म्हणतील, ही बघा ड्रुसिला टॉलिव्हर, घाणेरडी बाई." ती पुढं वळून बसली आणि मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली. "नाव काढून टाका. शनिवारी मी येत नाही. चल घरी."

मिल रस्त्याला गाडी थांबली. आत्या उतरली, विटांच्या पायवाटेनं दारापर्यंत गेली. मी पहिल्यांदाच तिच्या अंगणाकडे नीट पाहिलं. माती घट्ट, सपाट, आणि तिच्यावर एका मापाच्या अर्धगोल रेघा, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. कोपऱ्यात काड्यांचा खराटा टेकून ठेवलेला. साठ वर्षं मी हे अंगण बघत होते आणि साठ वर्षं त्याला टक्कल म्हणत होते. मला माझी लाज वाटली. गाडीत बसून मी दहा मिनिटं ती वाटू दिली.

संध्याकाळी मिस पर्सिसला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं.

"पण तूच म्हणालीस, शोभून दिसेल!" मिस पर्सिस म्हणाली.

"म्हणाले खरी."

"मी मुद्दाम तुला विचारलं, व्हर्नेल. मी आजकाल सगळ्यांना विचारते."

"तुम्ही विचारलंत, त्यात तुमची चूक नाही. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोलले. इतक्या जणांनी आदरानं बघितलं, मी फुगले."

मग ती म्हणाली, "मीही डागडुजीच्या वास्तुतज्ज्ञासमोर पुष्कळदा समजल्यासारखी मान हलवते. पण ते गवत आता कसं काढायचं? छापील पत्रिकेवर फोटोसुद्धा आहे त्याचा. मी तुझ्या आत्यांशी बोलते. उद्या केक घेऊन जाते."

आमच्याकडे भांडण, आजारपण, मयत, काहीही असो, गोऱ्या बायका आधी पाउंड केक भाजतात. त्यात एक पौंड लोणी असतं, आणि इतकं लोणी पोटात गेल्यावर समोरच्याला फार वेळ रागावता येत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. मिस पर्सिस बुधवारी दुपारी तीन वाजता केक घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली. मी आत्याच्या ओसरीवर आधीच जाऊन बसले होते, कारण मला हे चुकवायचं नव्हतं.

"मिसेस ग्रेसन, नमस्कार. उकाडा आहे ना?"

"आहे खरा, मिस पर्सिस. या, बसा. गार गोड चहा आणते."

आमच्याकडे मुद्द्यावर यायच्या आधी हवा, गुडघे आणि चर्चचा नवा ऑर्गन हे तीन विषय संपवावे लागतात. ते संपायला चाळीस मिनिटं लागली. दोघी एकमेकींना इतक्या गोड बोलत होत्या की माझेच दात दुखायला लागले. शेवटी मिस पर्सिस म्हणाली, "मिसेस ग्रेसन, ते गवत मी अपमान करायला लावलं नव्हतं. माझ्या आईच्या कबरीवरही मी तेच लावलंय."

"तुमची हौस," आत्या म्हणाली. "आमच्या कबरीसुद्धा आम्ही झाडूनच ठेवतो."

"थोडं ठेवलं तर? दाराजवळचं काढू. कडेला एक पट्टा?"

"मिस पर्सिस, अर्धं तोंड धुऊन कोणी चर्चला जातं का?"

मिस पर्सिसनं चहाचा घोट घेतला. "वास्तुतज्ज्ञ म्हणतात की माती उघडी ठेवली तर पाहुण्यांना ते उजाड वाटेल. गरिबी वाटेल."

मला वाटलं, आता आत्याचा तोल जाणार. पण आत्यानं केकचा एक तुकडा तोडला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली.

"तुमच्या आईची चांदी जेवणघरात मांडलेली आहे म्हणे. व्हर्नेल सांगते."

"हो. एकशे बारा नग."

"कोण घासतं?"

"मी. दर सोमवारी. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही." मिस पर्सिस ताठ बसली. "आई जाताना एवढंच म्हणाली होती, काळी पडू देऊ नकोस."

"आता असं समजा," आत्या शांतपणे म्हणाली, "की उद्या मी त्या घराची मालकीण झाले. आणि मी ती चांदी काळी पडू दिली, चमच्यांना अंडं वाळलेलं तसंच ठेवलं. आणि वर तुमच्या आईच्या नावाची पाटी लावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, बघा, ही बाई अशी राहायची. आणि मी हे सगळं तुमच्या आईचा मान ठेवायला केलं. तर?"

मिस पर्सिसचा चेहरा हळूहळू लाल झाला. ती अंगणाकडे बघत राहिली. तिला त्या रेघा आता दिसल्या असाव्यात, कारण ती खूप वेळ बघत होती.

"हे रोज करता तुम्ही?"

"आता गुडघे ऐकत नाहीत. शनिवारी एकदा, आणि पाहुणे यायचे असले तर आदल्या दिवशी." आत्यानं तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला. "काल व्हर्नेल म्हणाली, तुम्ही येणार."

मिस पर्सिस उठली. दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "आणखी कोणाला सांगू नका, पण चांदी मलाही कधी कधी काळीच बरी वाटते. हात फार दुखतात." आत्या हसली. सहासष्ट वर्षांत कॅल्डर आणि टॉलिव्हर एका विनोदाला एकत्र हसल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हा विनोद तसा सामान्यच होता, पण मी नोंद घेतली.

गुरुवारी ट्रक परत आला. गवतानं अजून मूळ धरलं नव्हतं, गोधड्या पुन्हा गुंडाळल्या गेल्या. मिस पर्सिसनं ते पाद्रीबाबांच्या घरामागं लावून दिलं. पाद्रीबाबांनी परमेश्वराचे आभार मानले. मिस पर्सिसचे मानायचे राहिले.

शुक्रवारी मी आत्याला घेऊन गेले. या वेळी ती स्वतःहून उतरली. आधी आम्ही ओढ्याकाठी जाऊन डॉगवूड नावाच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडल्या. म्हणजे मी तोडल्या, ती काठीनं दाखवत होती. "ती नको, ती म्हातारी आहे. ही नको, हिला नखरे फार." मग ओसरीच्या पायरीवर बसून तिनं त्या एकत्र बांधल्या, सुतळीचे तीन वेढे, आणि खराटा माझ्या हातात दिला.

मी झाडायला लागले. दोन मिनिटांत ती ओरडली, "अगं, तू काय फळा पुसतेयस का? दारापासून सुरू कर. मागं मागं चालत जा. स्वतःच्या पावलांवर झाडत जायचं, म्हणजे मागं कुणाचंच पाऊल उरत नाही. हात खांद्यातून फिरव. देवानं खांदा दिलाय ना?"

मी मागं मागं चालत झाडत होते, घाम गळत होता. बासष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायला नको वाटतं. मी म्हटलं, "आजी हे रोज करायची? दिवसभर कापूस वेचून?"

"शनिवारी दुपारी. मळ्यातलं काम शनिवारी दुपारी सुटायचं. बाकीच्यांना वाटायचं, आता जरा पाठ टेकावी. ती खराटा घ्यायची."

"कशाला पण? कोण बघायला येणार होतं?"

आत्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली. "बघ व्हर्नेल, घर त्यांचं होतं. जमीन त्यांची. खेचर त्यांचं, बी त्यांचं, कापूस त्यांचा. तिच्या आजीच्या वेळी तर आपली माणसंही त्यांचीच होती. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती जे काही करायची, ते कोणीतरी सांगितलेलं असायचं. हे एकच काम तिला कोणी सांगितलं नव्हतं."

मी खराटा थांबवला.

"आणि कोण येणार होतं म्हणतेस ना," ती पुढं म्हणाली, "मुकादम यायचा. शनिवारी संध्याकाळी, घोड्यावरून. आम्ही किती वेचलं ते ओरडून सांगायला. रस्त्यावर थांबून सांगता आलं असतं. पण तो घोडा अंगणातून आणायचा, थेट दारापर्यंत. ती नुकतीच झाडून बाजूला झालेली असायची. घोड्याचे खूर, आणि कधी कधी घोड्याचं दुसरंही काही. ती मान खाली घालून नुसतं 'होय साहेब' म्हणायची. तो गेला की दारापासून पुन्हा झाडायला लागायची. सगळं. पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, आई, राहू दे ना आता, अंधार पडला. तर म्हणाली, उद्या रविवार आहे, त्याच्या घोड्याचे पाय घेऊन मी रविवारात जाणार नाही."

मी पुन्हा दारापाशी गेले आणि जे झाडून झालं होतं ते पुन्हा झाडायला सुरुवात केली. आत्यानं या वेळी चूक काढली नाही. म्हणजे एकच काढली, कोपऱ्यातली.

शनिवारी ऐंशी माणसं आली. काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, अध्यक्ष आले, पाद्रीबाबा आले, दोन वर्तमानपत्रवाले आले, समितीच्या बायका टोप्या घालून आल्या. आत्या आधीच येऊन खोपटीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, आणि तिच्यामागून मी अंगण पुन्हा झाडून काढलं होतं. तिच्या डोक्यावर ब्राँझची पाटी. अक्षरं मोठी होती, रस्त्यावरून वाचता येत होती. दाराला निळी फीत. आणि दारापासून रस्त्यापर्यंत ते तांबडं अंगण, रेघांनी भरलेलं, एक काडी नाही.

गंमत अशी झाली की कोणी पाय पुढं टाकेना. मनाईची सूचना नव्हती, दोरी नव्हती, कोणी अडवलं नव्हतं. पण काउंटीच्या अध्यक्षांनी एक पाय उचलला, खाली बघितलं आणि परत मागं ठेवला. त्यांच्यामागं पाद्रीबाबा धडकले. एका बाईनं कुजबुजत विचारलं, "बूट काढायचे असतात का?" ऐंशी माणसं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी, आणि वीस पावलांवर एक म्हातारी खुर्चीत बसून आरामात त्यांच्याकडे बघतेय. पत्रिकेवर वेळ दहाची होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली.

फीत मिस पर्सिस आणि आत्या मिळून कापणार होत्या. मिस पर्सिसच्या हातात मोठी कात्री होती. ती गर्दीतून पुढं आली, अंगणाच्या कडेशी थांबली. मला वाटलं, आता जाईल सरळ. तिच्या आजोबांची जमीन, पणजोबांची खोपटी. इथल्या कुठल्याही दारात जायला तिच्या घराण्यात कधी कोणी थांबलेलं नाही.

ती थांबली. कात्री तिनं दुसऱ्या हातात घेतली.

"मिसेस ग्रेसन," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आत येऊ का?"

आत्यानं मिस पर्सिसकडे बघितलं. मग तिच्या पायांकडे बघितलं. मग तिनं आपली जांभळी टोपी सरळ केली, पर्स उघडली, रुमाल काढला, उन्हाकडे एकदा नजर टाकली. मी आत्याला बासष्ट वर्षं ओळखते. ती मुद्दाम वेळ लावत होती, आणि तिला त्याची फार मजा वाटत होती. आणि तिचे डोळे भरून वाहत होते. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या मयतालासुद्धा नाही.

मिस पर्सिस उन्हात उभी राहिली. तिनं घड्याळ बघितलं नाही, मागं वळून बघितलं नाही. माझंही नाक वाहायला लागलं होतं आणि रुमाल गाडीत होता.

"या, मिस पर्सिस," शेवटी आत्या म्हणाली. "या, आत या."

मिस पर्सिस निघाली. सावकाश, एकेक पाऊल उचलून ठेवत. मऊ मातीत तिच्या टाचा खोल रुतत होत्या. दारापाशी पोचल्यावर आत्यानं तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून ती फीत कापली. कात्री बोथट होती, तीन वेळा दाबावी लागली.

वर्तमानपत्रवाला पुढं आला. त्याला दाराचा फोटो हवा होता, समोरून, पाटीसकट. म्हणाला, अंगणात मधोमध ही पावलं उमटलीत, ती जरा बरी दिसत नाहीत. मी लगेच खराटा उचलला. काल शिकलेली विद्या होती, दाखवायची हौसही होती. दारापासून सुरुवात केली, मागं मागं.

"व्हर्नेल," आत्या दारातून म्हणाली, "ठेव तो खराटा. राहू दे ती पावलं. माझ्या आईच्या घरी विचारून आलेल्या बाईची आहेत."